आधी तुम्ही

५ जानेवारी, रविवार

आजपासून आमच्या घरात ख्रिस्ती मंडळी राहू लागली. आदर्श नगरच्या या घरात बसून हे वाक्य लिहिताना अंगावर काटा येतो आहे. थंडीचाही असेल. जयपूरच्या जानेवारीपुढे अहमदनगरच्या माणसाचं काही चालत नाही.

विमा कंपनीने मला बदलीवर इथे आणलं, इथेच निवृत्त केलं आणि सोडून दिलं. मुलगी भार्गवी पुण्यात असते. वरचा मजला रिकामा. रविवारी हिंदी उपासना आटोपली की आम्ही पाच मराठी माणसं आमच्या दिवाणखान्यात मराठी प्रार्थनेला जमायचो, चहा प्यायचो आणि पांगायचो. नाताळात मला एकदम दिसलं, की हे काही खरं नाही. पहिल्या काळची मंडळी एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती, 'हे माझं' असं कुणी म्हणत नव्हतं. आणि आम्ही आठवड्यातून एकदा बिस्किटं खाऊन प्रीतीच्या गप्पा मारतो!

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर मी प्रस्ताव मांडला, की सगळ्यांनी इथेच राहायला यावं. मला वाटलं होतं महिनाभर चर्चा चालेल. पण तिघांनीही तिथल्या तिथे हो म्हटलं. पवित्र आत्मा काम करतो तो असा. समुद्र्यांच्या घरमालकाने त्यांना खातीपुऱ्याचं घर सोडायला सांगितलं होतं आणि निशिगंधाचं वसतिगृह बंद होत होतं, हा एक योगायोग. माझ्या पत्नीने, प्रतिमाने, वरच्या खोल्यांच्या चादरी आधीच धुऊन ठेवल्या होत्या, हा दुसरा.

मंडळींची नोंद करून ठेवतो. हिंदुराव समुद्रे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मूळ गडहिंग्लजचे. नाव हिंदुराव आणि तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. आमचे हिंदी पाळकसाहेब अजून त्यांना चाचरत 'भाई एच. राव' म्हणतात. त्यांची पत्नी तारामती, आवाज नवऱ्याहून लष्करी, हात सढळ. निशिगंधा पाटोळे नर्स आहे. वडील जालन्याचे, पण ती इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी दर दोन पावलांवर 'मतलब' म्हणून थांबतं.

नियम एकच. आपण मागे, दुसरा आधी.

प्रतिमाने विचारलं, "आणि दुसराही तेच म्हणाला तर?"

मी म्हटलं, "तर स्वर्ग."

ती भाजी निवडायला निघून गेली.

८ जानेवारी, बुधवार

यश अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागलं आहे.

गीझर एकच. सकाळी सगळे खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभे.

"आधी तुम्ही, साहेब," हिंदुराव म्हणाले.

"छे छे, सुभेदार, आधी तुम्ही."

"प्रतिमाताई, तुमी जावा की," तारामती.

"अहो नाही, निशिगंधाला ड्यूटी आहे."

"आंटी, मतलब, मोठ्यांच्या आधी मी कशी जाऊ?"

असं प्रेमाने ओथंबलेलं बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी निशिगंधा तोंडावर पाणी मारून पळाली. बाकीच्यांनी एकमेकांसाठी आंघोळ सोडून दिली. न्हाणीघर दिवसभर कोरडं राहिलं. केवढा हा त्याग! संध्याकाळच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल उपकार मानले. खोलीला थोडा वास येत होता.

११ जानेवारी, शनिवार

हिंदुराव पहाटे गच्चीवर टाकीच्या नळाखाली गार पाण्याने आंघोळ करतात असं कळलं. गरम पाणी इतरांना उरावं म्हणून. मला लाज वाटली. उद्या मी त्यांच्या आधी उठणार.

१२ जानेवारी, रविवार

उठलो. ते तिथे होतेच, उघडेबंब, अंगातून वाफा निघत होत्या. मी शेजारी बसलो. दात वाजत होते.

दोघांनाही सर्दी. निशिगंधा म्हणाली, "अंकल, मतलब, गरम पाणी तर आता घरात कुणीच वापरत नाही."

१९ जानेवारी, रविवार

आज आमच्याकडे पोलीस आले. घाबरून लिहीत नाही, साक्ष म्हणून लिहितो.

तारामतीवहिनींनी तांबड्या रश्श्याचं मटण केलं होतं. पातेल्यात मोठी नळी एकच होती. ती त्यांनी माझ्या ताटात वाढली. मी उचलून हिंदुरावांच्या ताटात ठेवली. त्यांनी प्रतिमाच्या, प्रतिमाने निशिगंधाच्या, निशिगंधाने पुन्हा माझ्या. मी उभा राहिलो. हिंदुरावही उभे राहिले. त्यांचा आवाज परेडच्या मैदानाचा आहे.

"साहेब, घ्या म्हणतोय ना!"

"मी घेणार नाही म्हणजे नाही!"

"तुमाला माझी शप्पथ हाय!" तारामती ओरडल्या.

"शपथ घालू नका! ख्रिस्ती माणसाने शपथ घालू नये!" मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो.

शेजारच्या आहुजांना वाटलं खून पडतो आहे. त्यांनी फोन केला. थोड्या वेळाने प्रतिमा दारातून म्हणाली, "अहो, भगवान आलेत." मी हात जोडले. हवालदाराचं नाव भगवान सहाय होतं.

"झगड़ा किस बात का है?" त्याने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, "प्रेम का."

"लड़की कौन है?"

सगळ्यांनी निशिगंधाकडे पाहिलं. ती उठून आत गेली.

"लड़की नहीं है, भाई," हिंदुराव म्हणाले, "हड्डी है."

हवालदाराचा हात दांडक्यावर गेला. "हड्डी? किसकी हड्डी?"

"बकरे की!" आम्ही सगळे एकदम म्हणालो. प्रतिमाने पातेलं आणून दाखवलं. तो शाकाहारी निघाला, त्यामुळे त्याने ते फार जवळून पाहिलं नाही. मग प्रतिमाने त्याला चहा दिला आणि मी आमच्या मंडळीची कल्पना समजावून सांगितली, म्हणजे इथे प्रत्येक जण दुसऱ्याला आधी देतो वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. जाताना म्हणाला, "प्यार करिए साब, लेकिन आवाज़ धीमी रखिए."

नळी शेवटी मांजराने नेली.

२२ जानेवारी, बुधवार

गारठा. प्रतिमाने विचारलं, नवा स्वेटर कुठे आहे? लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ती मला एक स्वेटर विणते आणि दर हिवाळ्यात मी तो माझ्याहून गरजू माणसाला देतो. यंदाचा गल्लीतल्या चौकीदाराला दिला. तिला तसं सांगितलं. "छान झालं," ती म्हणाली. माझ्या सेवेत तिचा असा मूक वाटा असतो.

२६ जानेवारी, रविवार

पाळकसाहेब आज एका म्हाताऱ्या बाईंना आणून सोडून गेले. यमुनाबाई रणनवरे, आमच्याच नगरच्या. मुलगा सरकारी नोकरीत, त्याची बदली गुवाहाटीला झाली. तिथे घर मिळेपर्यंत आईने कुठे राहावं, हा प्रश्न. आमचं दार उघडंच आहे. सगळे त्यांना आत्या म्हणू लागलो.

हिंदुरावांनी अंगणातली उन्हातली वेताची खुर्ची दाखवून म्हटलं, "बसा आत्या."

आणि ती बसली!

आम्ही सगळे थबकलो. उन्हातली खुर्ची ती एकच, म्हणून तीन आठवडे तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं. आत्या पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "वा."

"चहा घेणार?"

"घेते की."

"अजून अर्धा कप?"

"भर पूर्ण."

"पाठीला उशी देऊ का?"

"दे. आणि त्या पोरीची शाल ऊबदार दिसती गं."

निशिगंधाने शाल काढून दिली. आत्याने ती पांघरली आणि तिला डुलकी लागली. तारामतीवहिनी तिच्याकडे अशा पाहत होत्या, जणू घरात बाळ आलं आहे. मी मात्र अस्वस्थ आहे. या बाईला आपला नियम कुणी समजावून सांगितलेला दिसत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आत्या सर्वात आधी आंघोळ करते. न विचारता. मग निशिगंधाला हाक मारते, "ये गं, पाणी गरम आहे तोवर." मग एकेकाला. त्यामुळे सगळ्यांच्या आंघोळी आटोपतात आणि निशिगंधा वेळेवर कामाला पोचते. काल नळी आत्याने घेतली, ताटावर आपटून आपटून चोखली आणि तारामतीवहिनींना म्हणाली, "तारा, असा रस्सा मी सासरी खाल्ला नाही आणि माहेर तर मला नव्हतंच." तारामतीवहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुखावल्या असाव्यात.

घर मात्र शांत आहे. आहुजा परवा फाटकाशी थांबून म्हणाले, "अब सब ठीक है?" आमचा नियम हळूहळू मुरतो आहे, त्याचा हा परिणाम.

प्रतिमा आज दुपारी मोठ्याने हसली. आत्याला तेल लावत होती. कशावर हसली ते विचारलं तर म्हणाली, "काही नाही."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आत्याशी बोललो. वडीलधारी आहे, पण मंडळीची जबाबदारी माझ्यावर आहे.

"आत्या, एक विचारू? रागावू नका."

"विचार की. आणि तो खजूर इकडं सरकव."

सरकवला. "तुम्हाला कधी असं वाटत नाही का, की आपण नको म्हणावं? दुसऱ्याला द्यावं?"

"माझ्याकडं काय आहे द्यायला, शांतवन? दातसुद्धा माझे नाहीत."

"तसं नव्हे. पण कुणी प्रेमाने पुढे केलं, तर आपण प्रेमाने नको म्हणू शकतो."

तिने खजुराची बी काढून माझ्या हातावर ठेवली. "मी मिशनच्या बोर्डिंगात वाढले, बाबा. आम्हाला नको म्हणायची चैन नव्हती. आणि सगळेच वाढायला उठले, तर पंगतीत बसायचं कुणी? अन्न गार होतं."

अवघड प्रश्न टाळण्याची तिची ही पद्धत. मी तिच्यासाठी प्रार्थना केली. मग ती बी टाकायला उठलो.

५ मार्च, राखेचा बुधवार

उपवासकाळ सुरू झाला. संध्याकाळी सगळ्यांना बसवून मी विचारलं, की ईस्टरपर्यंत कोण कशाचा त्याग करणार? हिंदुरावांनी तंबाखू सोडली. तारामतीवहिनींनी मालिका सोडल्या, डोळ्यांत पाणी आणून. निशिगंधाने मोबाइलवर व्हिडिओ बघणं सोडलं. मी चहातली साखर सोडली.

प्रतिमा म्हणाली, "मी विणकाम सोडते."

उत्तम. तिचे डोळेही दुखतात.

आत्या वाटाणे खात होती. मी शक्य तितक्या मायेने म्हणालो, "आत्या, तुम्ही घेणं सोडा."

तारामतीवहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं पुन्हा भगवान येणार. आत्याने हातातले वाटाणे वाटीत परत ठेवले.

"बरं," ती म्हणाली.

मी देवाची स्तुती केली. इतकं सोपं होतं!

१० मार्च, सोमवार

आत्या कमालीची सुधारली आहे. उन्हातल्या खुर्चीकडे बघतही नाही, पायरीवर बसते. चहा विचारला तर "नको गं." उशी, "नको." भाकरी एकच. आता आम्ही सहाही जण देणारे झालो आहोत.

न्हाणीघरापाशी पुन्हा प्रेमळ गर्दी होऊ लागली आहे.

१८ मार्च, मंगळवार

होळीला आहुजांनी गुजिया, म्हणजे इकडच्या करंज्या, पाठवल्या होत्या. त्यातली शेवटची अजून ताटलीत आहे. प्रत्येक जण तिच्यावरून जाळीचं झाकण काढतो, दुसऱ्यापुढे करतो आणि परत झाकतो. आज तिच्यावर हिरवट लव दिसली. तरी हात कुणी लावलेला नाही. त्यागाचा असा पुरावा मी आजवर पाहिला नव्हता.

एक तक्रार नोंदवतो. निशिगंधा आता इस्पितळाच्या कँटीनमध्येच जेवून येते. आणि तारामतीवहिनी आज ओट्यापाशी रडत होत्या. प्रतिमाने जवळ घेतलं तर म्हणाल्या, "कुणासाठी रांधायचं तेच कळंना झालंय वो."

सगळ्यांसाठी, वहिनी! हे मी बाहेरून मोठ्याने सांगितलं. रडणं वाढलं.

२७ मार्च, गुरुवार

हे डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर लागलं नाही तर देवाला लागेल.

ऊन तापू लागलं आहे. घरात कूलर एकच, जिन्याखाली ठेवलेला. वरच्या खोल्या जास्त तापतात, म्हणून रविवारी दुपारी कुणाला न सांगता मी तो समुद्र्यांच्या खोलीत नेऊन ठेवायचं ठरवलं. एकट्याने ढकलत मधल्या वळणापर्यंत पोचलो. तेवढ्यात वरून हिंदुराव आले.

"साहेब, काय करताय?"

"तुमच्या खोलीत ठेवतो."

"अजिबात नाही. तुमचं वय झालंय. तुमच्या खोलीत ठेवायचा." आणि त्यांनी तो खाली ढकलायला सुरुवात केली.

मी वर ढकलला. त्यांनी खाली ढकलला. "सुभेदार, माझं ऐका!" "साहेब, ऑर्डर समजा!" खालून प्रतिमा म्हणाली, "अहो, दोघंही सोडा तो!" आम्ही दोघांनीही तिचं ऐकलं. एकदम.

कूलर माझ्यासकट खाली आला. उजव्या पायाचा घोटा मोडला, उजवं मनगट मुरगळलं. घोट्याला प्लास्टर आहे. कूलरला काहीच झालेलं नाही.

निशिगंधाने सुट्टी काढली आहे. काही लागलं तर वाजवा म्हणून उशाशी एक घंटी ठेवली आहे. मी वाजवणार नाही. इतकी माणसं माझ्यासाठी धावणार म्हणजे सगळा हिशेबच उलटा.

३१ मार्च, सोमवार

पाण्याचा तांब्या टेबलावर होता. घंटी न वाजवता घ्यायला गेलो आणि पलंगावरून पडलो. जमिनीवर पडूनही घंटी वाजवली नाही. आत्याने पाहिलं आणि सगळ्यांना हाका मारल्या. हिंदुरावांनी उचलायला हात घातला तर मी म्हटलं, "राहू द्या, मी उठतो." उठता येत नव्हतं. तरी म्हटलं. ते बराच वेळ हात तसेच धरून वाकलेले होते.

चर्चचे लोक फळं घेऊन येतात. मी नको म्हणतो. आत्या पलंगाशेजारी बसून सफरचंदांकडे बघते आणि तीही नको म्हणते. फळं सडत आहेत.

५ एप्रिल, शनिवार

आज वाईट झालं.

हिंदुराव आणि तारामतीवहिनी आले. हिंदुराव सावधान उभे राहावं तसे उभे राहिले. म्हणाले, "साहेब, शास्त्री नगरात एक घर बघितलंय. ईस्टर झाला की जातो."

मी म्हटलं, "पण का? इथे काय कमी आहे?"

"कमी काय नाही. तुमी सगळं देता. पण आमच्याकडनं तुमी काहीच घेत नाही साहेब. परवा तुमी जमिनीवर पडला होता आणि मला हात लावू दिला नाही. माझ्यामुळं पाय मोडला, तेवढं तरी... पाहुण्यासारखं किती दिवस राहायचं माणसानं?"

तारामतीवहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर नेलं.

मी प्रतिमाला म्हटलं, "बघितलंस? इतकं प्रेम केलं आणि पाहुणे म्हणतात स्वतःला."

ती खिडकीशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीसुद्धा पाहुणीच आहे."

"काय?"

"लग्न झाल्यापासून. दर वर्षी स्वेटर विणते. माप तुमचं घेते, रंग तुमच्या आवडीचा घेते. आजवर एकही तुमच्या अंगावर फाटलेला मी बघितला नाही. चहा करून आणला तर तुम्ही आधी दारावरच्या माणसाला देता. तुम्हाला ताप आला तर मला कळू देत नाही. तुम्हाला वाटतं तुम्ही देता. मला वाटतं, माझ्याकडे तुम्हाला लागेल असं काहीच नाही."

मी म्हणालो, की मी हे सगळं प्रीतीपोटी केलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर भांडताही येत नाही."

ईस्टरनंतर काही दिवस पुण्याला भार्गवीकडे जाते म्हणाली. किती दिवस ते बोलली नाही. मी विचारलंही नाही. तिच्या मर्जीच्या आड यायचं नाही, असं मनाला समजावलं. पण बाकीचा दिवस माझा जीव कशात लागला नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण करायची संध्याकाळ. माझी फार दिवसांची इच्छा होती, की या दिवशी मी सगळ्यांचे पाय धुवावेत. वाकताच येत नाही, तर काय धुणार? मी खोलीतच पडून होतो. दार उघडं होतं, म्हणून बाहेरचं दिसत होतं.

हिंदुराव परात घेऊन आले. तारामतीवहिनी परात घेऊन आल्या. प्रतिमानेही घमेलं आणलं होतं, निशिगंधाने इस्पितळातला ट्रे. चौघं हातात पाणी घेऊन उभे आणि बसायला कुणीच तयार नाही. "तुमी बसा." "नाही, आधी तुम्ही." पाणी हिंदकळून जमिनीवर सांडू लागलं. मी इथून ओरडणार होतो, की शांततेने घ्या. पण ओरडलो नाही. बाहेर उभं राहून बघावं तसं मला ते दिसत होतं. मोठाली माणसं, हातात पाणी, आणि पाय नाहीत.

तेवढ्यात पायरीवरून आत्या उठली. "शांतवन," तिने तिथूनच हाक मारली, "माझा उपास आज सोडते रे. हे बघवत नाही." आणि जाऊन खुर्चीत बसली. पाय पुढे केले.

चौघांनीही तिचे पाय धुतले. एकामागून एक. आधीच धुतलेले पुन्हा धुतले. तारामतीवहिनींनी पदराने पुसले. आत्या मध्येच "हां, टाचेला जरा घास" म्हणत होती. जयपुरात आज इतके स्वच्छ पाय दुसऱ्या कुणाचे नसतील. आणि मग, कसं कोण जाणे, हिंदुराव बसले आणि निशिगंधाने त्यांचे धुतले. मग तारामतीवहिनी बसल्या. हसत होत्या, ओरडत होत्या, "गुदगुल्या हुत्यात गं!"

हिंदुराव ओला टॉवेल घेऊन माझ्या दारात आले. "साहेब?"

"नको," मी म्हटलं. "प्लास्टर भिजेल."

"डावा तर मोकळा आहे."

"नको, हिंदुराव."

ते परत गेले. त्यांच्या टॉवेलातून पाणी ठिबकत होतं, ते अजून दारात आहे. मी त्याकडे बघत ही नोंद लिहितो आहे. नको का म्हणालो ते मला सांगता येत नाही. नियमाप्रमाणेच म्हणालो.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपासनेला सगळे गेले. आत्या माझ्याजवळ राहिली. तिने सगळी चांगली सफरचंदं खाल्ली आणि एक चिरून माझ्या तोंडासमोर धरलं. तसंच धरून ठेवलं. तिचा हात म्हातारा आहे. हात दुखेल तिचा, म्हणून तोंड उघडलं.

गोड होतं. साखर सोडलेली असल्यामुळे जास्त लागलं असेल.

२० एप्रिल, ईस्टर

पुनरुत्थानाची पहाट आम्ही गच्चीवर करायची असं ठरलं होतं. सगळे तयार होऊन वर निघाले. प्रतिमा माझ्या खोलीत डोकावून म्हणाली, "तुम्हाला खाली ऐकू येईल असं मोठ्याने गातो."

जिन्यावर पावलं वाजली. मग मी घंटी वाजवली.

माझ्या आयुष्यात मी असा आवाज केलेला नव्हता. सगळे धावत खाली आले, कुणी मेलं की काय अशा चेहऱ्याने. मी म्हणालो, "हिंदुराव, मला वर न्या."

"ऑर्डर?" त्यांनी विचारलं.

"नाही. विनंती."

त्यांनी मला पाठीवर घेतलं. जखमी जवानाला घेतात तसं, म्हणाले. त्या वळणावर, जिथे कूलर पडला, ते जरा थांबले आणि मला त्यांचा श्वास ऐकू आला. मी त्यांच्या गळ्याला दोन्ही हातांनी धरून होतो. "जड आहे का मी?" मी विचारलं. "हाय की," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता असा आनंद होता.

सूर्य मोती डुंगरीच्या टेकडीमागून वर येत होता की आणखी कुठून, ते मला दिसलं नाही, कारण आत्या समोर बसली होती. गाणं झाल्यावर मी हिंदुरावांना म्हणालो, "शास्त्री नगरला जाऊ नका. मला खाली कोण नेणार?"

तारामतीवहिनी म्हणाल्या, "काय वो साहेब, एवढं सांगायला पाय मोडायला लागला व्हय?"

हिंदुरावांनी मला पुन्हा पाठीवर घेतलं. घर बघितलं होतं त्याचं काय, ते उद्या विचारेन. नाही, आत्ताच विचारलं. नाही म्हणून कळवतो म्हणाले.

प्रतिमाचं तिकीट मंगळवारचं आहे.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी प्रतिमा बॅग भरायला बसली. भरता भरता ती माझ्या पायाकडे बघत राहिली. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांची नखं फार वाढली आहेत. मला तिथपर्यंत हात पोचत नाही, आणि सांगायचं कुणाला? तिने बॅग बाजूला सरकवली, नेलकटर आणलं आणि पलंगाच्या टोकाशी बसली.

"राहू दे, मी..." मी सुरुवात केली. पुढचं वाक्य मला आलं नाही.

ती कापू लागली. चष्मा नाकावर, ओठ दाबलेले, शिवणकाम करावं तसं. करंगळीचं नख वळलेलं आहे. ते तिला माहीत होतं. इतकी वर्षं माझ्या करंगळीचं नख वळलेलं आहे आणि ते तिला माहीत आहे. मला काही तरी होत होतं, ते नीट लिहिता येत नाही. प्रीतीबद्दल मी इतकं बोललो आहे, पण अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक नाही.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"नाही."

उजवा पाय झाला. तिने नखं कागदावर गोळा केली आणि उठू लागली.

डावा पाय चांगला आहे. मनगटही आता बरं झालं आहे. त्या पायाची नखं मी स्वतः सहज कापू शकलो असतो.

मी तो पाय पुढे केला.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बसली आणि तो पाय मांडीवर घेतला.